एक विझता विझत नाही, दुसरं पेटता पेटत नाही

बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात अणुकेंद्रकाचा धडा अगदी शेवटाकडे येतो. तोवर डिसेंबर उजाडलेला असतो, मुलांच्या डोक्यात बोर्ड आणि सीईटी घोळत असते, आणि बहुतेक ठिकाणी दोन समीकरणं फळ्यावर लिहून धडा उरकला जातो. मला तो उरकवत नाही. मी वाशीला ज्युनिअर कॉलेजात शिकवते, राहायला नेरूळला आहे. आमच्या गच्चीवरून खाडीपलीकडे ट्रॉम्बेची टेकडी आणि तिच्या पायथ्याचे अणुभट्ट्यांचे घुमट दिसतात. ज्याच्यासमोर आपण संसार थाटला, ते नेमकं काय आहे हे आपल्या मुलांना ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटतं.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मॅडम, फोडलं तरी एनर्जी मिळते, जोडलं तरी मिळते. मग फोडायचं, परत जोडायचं, परत फोडायचं. फुकटच झाली की वीज!"

वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला, कारण या धड्यात विचारण्यासारखा सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे आणि तो फार थोड्यांना पडतो.

केंद्रकात प्रोटॉन असतात, ते सगळे धनभारित, म्हणजे एकमेकांना दूर ढकलणारे. तरी ते एकत्र राहतात, कारण त्यांना आणि न्यूट्रॉनना धरून ठेवणारं दुसरं एक बल आहे. ते भलतंच जबरदस्त आहे, पण त्याचा हात तोकडा. शेजारच्या कणापर्यंत पोचतो, त्यापलीकडे नाही. ढकलाढकलीचं तसं नाही. ती केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते. आता युरेनियम घ्या. 92 प्रोटॉन एका जागी कोंबलेले. प्रत्येक प्रोटॉनला धरणारे फक्त शेजारी आणि ढकलणारे बाकीचे सगळेच्या सगळे. असं केंद्रक कसंबसं तग धरून असतं. दुसऱ्या टोकाला हायड्रोजनसारखी हलकी केंद्रकं. तिथे ढकलणारे थोडे, पण धरायला शेजारीही नाहीत. चार कण एकत्र आले की प्रत्येकाला शेजार मिळतो आणि बांधणी एकदम घट्ट होते.

या दोन टोकांच्या मधे लोखंड आणि निकेल आहेत. तिथे बांधणी सगळ्यात घट्ट. मी मुलांना दरीचं चित्र काढून दाखवते: तळाशी लोखंड, एका उतारावर युरेनियम, समोरच्या उतारावर हायड्रोजन. धोंडा कुठल्याही बाजूने सोडा, तो खालीच येतो आणि खाली येताना ऊर्जा देतो. पण एकदा तळाला गेला की संपलं. फोडलेलं परत जोडायचं म्हणजे धोंडा पुन्हा वर चढवायचा, आणि जितकं मिळालं तितकं सगळं मोजून परत द्यायचं. म्हणून फुकट काही नाही.

त्या मुलाने लगेच विचारलं, "किती मिळतं ते काढता येतं का?" येतं, आणि तोंडी येतं. युरेनियममध्ये प्रत्येक कणामागे बांधणीची ऊर्जा सुमारे 7.6 एमईव्ही, म्हणजे 76 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. फुटल्यावर जे दोन मध्यम आकाराचे तुकडे होतात त्यांच्यात सुमारे 8.5. फरक 0.9. कण 235. गुणाकार केला की 200 एमईव्हीच्या आसपास येतं. कोळशातला कार्बनचा एक अणू जळतो तेव्हा मिळतात सुमारे 4 इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे पाच कोटी पटींचा फरक. एक किलो युरेनियम-235 पूर्ण फुटलं तर जी उष्णता निघते तिच्यासाठी चांगल्या प्रतीचा पावणेतीन हजार टनांच्या आसपास कोळसा जाळावा लागेल. हे आकडे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिते आणि दर वेळी क्षणभर थांबते.

हाच गुणाकार जगात पहिल्यांदा एका बाईने केला, हे मी मुलींना मुद्दाम सांगते. 1938 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमन यांनी युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले आणि त्यांच्या हाती लागलं बेरियम, वजनाने जवळपास निम्मं. हे कसं झालं ते त्यांना उलगडेना. हान यांनी पत्र लिहिलं लिझे माइटनर यांना. त्या ज्यू कुटुंबातल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीतून निसटून स्वीडनला गेल्या होत्या. नाताळात भाचा ओटो फ्रिश भेटायला आला होता. दोघं बर्फातून फिरायला निघाले, एका झाडाच्या ओंडक्यावर बसले आणि कागदाच्या चिठोऱ्यांवर आकडेमोड सुरू झाली. केंद्रक पाण्याच्या थेंबासारखं लांबत, मधे बारीक होत दुभंगत असेल तर? दोन्ही तुकडे एकमेकांना ढकलून सुटतील त्याची ऊर्जा किती? 200 एमईव्ही. आणि तेवढी ऊर्जा येणार कुठून? तुकड्यांचं एकूण वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एक पंचमांशाने कमी भरत होतं. आइन्स्टाइनच्या सूत्रात ते घातलं की उत्तर तंतोतंत जुळत होतं. नोबेल एकट्या हान यांना मिळालं. पुढे बाँबच्या कामाला बोलावणं आलं तेव्हा माइटनर यांनी साफ नकार दिला. आमच्या पुस्तकात त्यांच्यासाठी चार ओळी वाढवल्या तर मला फार बरं वाटेल.

फुटताना दोन-तीन न्यूट्रॉनही सुटतात. ते पुढची केंद्रकं फोडतात, त्यांतून आणखी सुटतात. साखळी लागते ती अशी. 2 डिसेंबर 1942 ला शिकागोत एन्रिको फर्मी यांनी ती पहिल्यांदा ताब्यात ठेवून चालवून दाखवली.

ताब्यात कशी राहते, हे मला स्वतःला शिकताना सगळ्यात जास्त भावलं होतं. सुटणारे जवळपास सगळे न्यूट्रॉन तत्क्षणी सुटतात. नुसते तेच असते तर साखळी इतक्या झपाट्याने वाढली असती की कुठलाही दांडा खाली-वर करायला माणसाला किंवा मोटरला वेळच मिळाला नसता. पण हजारातले साधारण साडेसहा न्यूट्रॉन उशिरा येतात. फुटलेल्या तुकड्यांतून, काही सेकंदांनी, काही तर जवळजवळ मिनिटभराने. भट्टी अशी चालवतात की या उशिरा येणाऱ्यांवाचून साखळी पुरी होऊच नये. त्यामुळे सगळा कारभार सेकंदांच्या चालीने चालतो आणि बोरॉन किंवा कॅडमियमचे, न्यूट्रॉन गिळणारे नियंत्रक दांडे आपलं काम करू शकतात. हजारात साडेसहा! निसर्गाने ही एवढीशी फट ठेवली नसती तर अणुवीज नावाची गोष्टच झाली नसती.

आपल्याकडच्या भट्ट्यांचा आणखी एक विशेष. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये फुटायला सहज तयार असलेलं 235 फक्त 0.7 टक्के असतं. ते फोडायला न्यूट्रॉन संथ असावे लागतात. साधं पाणी त्यांना संथ करतं, पण काही गिळूनही टाकतं, म्हणून साध्या पाण्याच्या भट्टीला समृद्ध केलेलं, म्हणजे 235 चं प्रमाण वाढवलेलं युरेनियम लागतं. जड पाणी, म्हणजे हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेलं पाणी, न्यूट्रॉन फारसं गिळत नाही, त्यात खाणीतलं युरेनियम आहे तसं चालतं. भारताने हाच रस्ता धरला. हे जड पाणी बनवणारा एक कारखाना अलिबागजवळ थळला आहे, मांडव्याच्या बोटीने उतरून पुढे गेलं की वाटेवरच. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या मात्र साध्या पाण्याच्या. 1969 पासूनच्या, आणि पालघर जिल्हा वेगळा झाला त्या 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांची सगळी नोकरी ट्रॉम्बेच्या भट्ट्यांवर, कंट्रोल रूमच्या पाळ्यांमध्ये गेली. कामाबद्दल फार बोलत नाहीत. मी त्यांना वर्गात यायचं आमंत्रण दिलं तर म्हणाले, "भाषण मला जमणार नाही गं. ज्याला खरंच काही विचारायचं असेल त्याला घरी पाठव." मग मी त्या मुलालाच घेऊन गेले.

काकांनी आधी त्याला अप्सराच्या तलावाबद्दल सांगितलं. अप्सरा ही आपली पहिली भट्टी, 4 ऑगस्ट 1956 ला सुरू झालेली, पाण्याच्या खोल हौदात बुडवलेली. वरच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं की तळाशी इंधनाच्या गाभ्याभोवती निळा उजेड दिसायचा. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो आणि गाभ्यातून निघणाऱ्या किरणांमुळे सुटलेले इलेक्ट्रॉन तिथे त्याहून जोरात धावतात, म्हणून तो उजेड. "आम्ही रोज बघायचो, पण सवय कधी झाली नाही," काका म्हणाले. हे सांगताना त्यांचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे नोकरीभर किरणांची मात्रा मोजणारा छोटा बॅज लावलेला असायचा.

मुलाने विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटायची ना. पण लोकांना वाटते ती नाही. लोकांना वाटतं भट्टी बाँबसारखी फुटेल. ती तशी फुटू शकत नाही, बाँबला लागतं तसं इंधनच तिच्यात नसतं. आणि साखळी तोडायला दोन-तीन सेकंद लागतात, दांडे खाली पडले की तुटली. भट्टी बंद करणं सोपं आहे रे. बंद केल्यावर ती थंड होईपर्यंत जागं राहणं, हे खरं काम."

मला वाटतं, या विषयात सामान्य माणसाने लक्षात ठेवावं असं एकच वाक्य निवडायचं तर मी हे निवडीन. साखळी तुटली तरी फुटलेले तुकडे स्वतः किरणोत्सारी असतात आणि ते तापतच राहतात. बंद झाल्या क्षणी ही उष्णता पूर्ण ताकदीच्या 6 ते 7 टक्के असते. आकडा किरकोळ वाटतो, पण 700 मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता 2,100 मेगावॉटच्या वर तयार होत असते. तिचे साडेसहा टक्के म्हणजे जवळपास 140 मेगावॉट. एका दिवसाने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, तरी पाणी फिरवत राहावंच लागतं, आणि कुठलंही बटण दाबून ती उष्णता थांबत नाही. फुकुशिमाला 11 मार्च 2011 च्या भूकंपात चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मग त्सुनामी आली, डिझेल जनरेटर पाण्याखाली गेले, पंप थांबले आणि तीन गाभे वितळले.

आपल्याकडे 31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. आगीत केबली जळाल्या आणि केंद्राची सगळी वीज गेली. सुमारे 17 तास अंधार. तिथल्या माणसांनी आग विझवायचे डिझेल पंप चालू करून त्यांचं पाणी भट्टी थंड करण्यासाठी वळवलं आणि गाभा शाबूत राहिला. ती रात्र काढणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. क्रिकेटच्या एखाद्या सामन्याची जितकी उजळणी होते तिच्या शंभराव्या हिश्श्याने तरी नरोऱ्याची व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं, कारण चूक कुठे झाली आणि वाचलं कशाने, हे दोन्ही त्यात आहे.

एवढं ऐकून मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "माझं आजोळ राजापूर तालुक्यात आहे. जैतापूरचा अणुप्रकल्प जिथे व्हायचाय त्या माडबनपासून लांब नाही. आजी म्हणते, अणुभट्टी झाली तर मासे मरतील, माणसं मरतील. मी तिला सांगणार होतो की आता फ्युजन येतंय, त्यात धोका नसतो."

काका माझ्याकडे बघत म्हणाले, "हे तू सांग."

फ्युजन म्हणजे संमीलन. त्याचं गणित फार देखणं आहे. हायड्रोजनचे दोन जड भाऊ, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, जोडले की हेलियम होतो, एक न्यूट्रॉन सुटतो आणि 17.6 एमईव्ही मिळतात. 200 पुढे कमी दिसतात, पण इथे कण फक्त पाच. वजनाला वजन लावलं तर युरेनियमच्या चौपट. ड्युटेरियम समुद्राच्या एका घनमीटर पाण्यात 30 ग्रॅमच्या वर असतं, म्हणजे आमच्या या खाडीतसुद्धा आहे. थळला वेगळं काढतात ते हेच. ट्रिटियम मात्र निसर्गात नसल्यात जमा. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, म्हणजे तेवढ्यात ते निम्मंच उरतं, त्यामुळे साठवूनही टिकत नाही. आज ते मिळतं ते बहुतेक जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमधून. म्हणजे संमीलनाचं इंधनसुद्धा तूर्त विखंडनाच्याच, म्हणजे केंद्रक फोडण्याच्याच, घरचं आहे. पुढे भट्टीच्या भिंतीत लिथियम ठेवून, सुटणारा न्यूट्रॉन त्यावर आदळवून तिथल्या तिथे ट्रिटियम बनवायचा बेत आहे, पण पुरेसं बनवून दाखवायचं अजून बाकी आहे.

आणि अडचण आहे ती पेटवण्याची. दोन्ही केंद्रकं धनभारित, जवळ येऊ देत नाहीत. धरणाऱ्या बलाचा तोकडा हात पोचेल इतकी जवळ आणायची तर त्यांना प्रचंड वेग हवा, म्हणजे प्रचंड तापमान. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश आहे, आपल्याला 15 कोटी लागतात. मुलाला हे पटेना. "सूर्यापेक्षा जास्त कशाला?" कारण सूर्य अतिशय सावकाश जळतो. त्याच्या गाभ्यातला एक घनमीटर जेमतेम तीनशे वॉट देतो, तेवढ्या घनफळाला माणसाच्या शरीरातून याहून जास्त उष्णता निघते. सूर्याला ते परवडतं, कारण तो अवाढव्य आहे आणि त्याला घाई नाही. आपल्याला एका इमारतीत मावेल असं यंत्र हवं आणि त्यातून शहराची वीज हवी.

15 कोटी अंशांचा प्लाझ्मा, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून गेलेला तप्त वायू, कुठल्याच भांड्यात ठेवता येत नाही, म्हणून तो चुंबकीय क्षेत्रात तरंगता ठेवतात. भारताचं असं पहिलं यंत्र, आदित्य, 1989 पासून गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आहे. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या यंत्राचं सुमारे 30 मीटर उंचीचं बाहेरचं पोलादी पात्र सुरतजवळच्या हजिऱ्यात घडलं. कॅलिफोर्नियात 5 डिसेंबर 2022 ला दुसऱ्या वाटेने, लेझर वापरून, इंधनावर पडलेल्या 2.05 मेगाज्यूलच्या बदल्यात 3.15 मेगाज्यूल मिळाले. पहिल्यांदा जास्त मिळाले, आणि त्या बातमीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तेवढे लेझर चालवायला विजेच्या जाळ्यातून सुमारे 300 मेगाज्यूल घेतले होते, हेही मुलांना सांगायलाच हवं.

होमी भाभा 1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून म्हणाले होते की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात आणायची रीत सापडेल. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाज चुकला. यात त्यांना कमीपणा नाही, यावरून काम किती कठीण आहे ते कळतं. एक आग लागली की विझता विझत नाही, दुसरी पेटता पेटत नाही. संमीलनाची भट्टी जरा बिघडली की प्लाझ्मा थंड पडतो आणि सगळं थांबतं. आत इंधन जेमतेम काही ग्रॅम. तिला फुकुशिमा होणं शक्य नाही. न्यूट्रॉनच्या माऱ्याने तिच्या भिंती किरणोत्सारी होतात, पण हजारो वर्षं सांभाळावं लागेल असं प्लुटोनियम त्यातून निघत नाही. मला ती मनापासून हवी आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यावर काम करावं असं वाटतं. पण तिच्या भरवशावर आज कोळसा जाळत बसायचं, हे मला मान्य नाही. आज चालणारी आहे ती विखंडनाची. देशाच्या विजेत तिचा वाटा सुमारे 3 टक्के, आणि तो वाढायला हवा या बाजूची मी आहे.

तेव्हा मुलाला मी सरळ सांगितलं. माडबनला प्रस्तावित आहेत त्या सहा भट्ट्या विखंडनाच्या, प्रत्येकी 1,650 मेगावॉटच्या. आजीला फ्युजन सांगू नकोस, ते खोटं होईल. त्या जागेसाठी 2011 च्या एप्रिलमध्ये साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला आहे. तिथल्या लोकांना अडाणी म्हणायचा हक्क खाडीच्या या बाजूला बसून वीज वापरणाऱ्या कुणालाच नाही. त्यांना भीती वाटते तिची जागा कदाचित थोडी चुकीची असेल, पण भीती अनाठायी नाही.

"मग आजीला सांगू काय?"

काका बराच वेळ विचार करत होते. "सांगू नकोस, विचारायला शिकव," ते म्हणाले. "साहेब लोक आले की घुमट किती जाड, भूकंप किती रिश्टरचा सोसेल, ते दाखवतील. तिने विचारायचं, बाहेरची वीज गेली, तुमचे डिझेल पंपही बंद पडले, तर पाणी कुठून येणार? ते किती तास पुरणार? ते चालू करणारा माणूस कुठे राहतो आणि रस्ता बंद असेल तर पोचणार कसा? या भट्ट्यांत एकाला चार थंड करायच्या व्यवस्था आहेत, गाभा वितळलाच तर खाली झेलायची सोयही आहे. उत्तरं आहेत त्यांच्याकडे. ती मराठीत द्यायला लावायची, आणि लेखी."

मुलाने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मी त्यात एक प्रश्न घातला. वापरलेल्या इंधनातला कचरा काचेत गोठवायचं तंत्र आपल्याकडे आहे, तारापूरला, ट्रॉम्बेला, कल्पाक्कमला ते काम होतं. पण जमिनीखाली खोल, कायमची ठेवायची जागा भारतात अजून एकही नाही. तेव्हा माडबनचं वापरलेलं इंधन माडबनच्याच आवारात किती वर्षं राहणार, आणि तिथून कुठे जाणार, हेही विचार म्हटलं. मे महिन्यात तो आजोळी जाणार आहे.